जुदासासाठी एक 'आमच्या बापा'

आमच्या आळीतल्या क्रुसाजवळची रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, इतर आळ्यांपेक्षा नेहमी उशिरा सुटायची, आणि त्याला कारण एकच माणूस. माळेची पाच रहस्ये म्हणून झाली की मेलेल्यांसाठी एकेक 'आमच्या बापा' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. कोणी आईसाठी मागते, कोणी भावासाठी. चार-पाच झाले की संपले, मग उकडलेल्या चण्यांचे पातेले उघडायचे. एका मे महिन्यात चणे आमच्या घरचे होते. मी झाकण काढायला वाकले, तेवढ्यात प्रार्थना चालवणारा म्हातारा म्हणाला, "आता एक जुदासासाठी."

"कोण जुदास?" मागून एकाने विचारले. त्याला वाटले, पलीकडच्या आळीतले कोणीतरी गेले.

"येशूला धरून दिला तो."

कोणी काही बोलायच्या आत म्हाताऱ्याने सुरुवात केलीसुद्धा. प्रार्थनेचा पहिला अर्धा तो म्हणणार, उरलेला आम्ही, अशी सवय. जीभ आपोआप चालते. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी जुदासासाठी 'आमच्या बापा' पुरा केला आणि मग एकमेकांकडे बघितले.

"काका, हे काय नवीन?" मी म्हटले.

"त्याच्यासाठी कोण म्हणते? एवढी वर्षं झाली. एक तरी मिळू दे बिचाऱ्याला."

पुढच्या संध्याकाळी बाळ येशूला मारायला निघालेला हेरोद राजा आला. मग येशूला क्रुसावर पाठवणारा पिलात. मग येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या दोन चोरांपैकी डावीकडचा. "उजव्याची स्वर्गात सोय येशूनंच केली. डाव्याची कोणी करायची?" पोरे पेंगायची, चणे गार व्हायचे, बायका चुळबुळ करायच्या. पण प्रार्थना चालवणाऱ्याला मध्येच गप्प कसे करणार?

हा म्हातारा माझ्या नवऱ्याचा काका. समोर मी त्याला काका म्हणे आणि अहो-जाहो करी, मागे म्हातारा म्हणे. आता तो नाही, म्हणून म्हाताराच लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. धर्मातले मोठे काही मला कळत नाही. आमची घरची बोली कागदावर नीट उतरत नाही, म्हणून शाळेत शिकवली तशा मराठीत लिहिते.

त्याची केळीची बाग आणि थोड्या पानवेली होत्या. बायको तरुणपणीच गेली होती, मूल नव्हते. प्रार्थनेला येताना तो काळा कोट घालायचा, भर मे महिन्यातही. खाली गुडघ्यापर्यंत पंचा, पाय अनवाणी आणि चिखलाने भरलेले. कोटाच्या एका खिशात माळ, दुसऱ्यात तंबाखू. लोकांनी विहिरींवर पंप बसवले, तेव्हा त्याने बसवला नाही. म्हणायचा, "नरक असला तर तिथं दुसरं काय नसेल, एक डिझेलचा पंप चालू असेल." पुढे पंपांनी उपसून उपसून सगळ्यांच्या विहिरी खारट झाल्या, त्याचीही झाली. त्यावर तो काही बोलला नाही.

तो साधुसंत होता असे कोणी समजू नये. चिक्कू होता. तोंडाने घाण होता. आदल्या संध्याकाळी ज्याच्या बापासाठी प्रार्थना केली, त्यालाच सकाळी पाटाच्या पाण्यावरून डुक्कर म्हणायचा. बांधावरून कोणी पाऊल आत टाकले की कोयती घेऊन धावायचा. त्याला सगळे स्वर्गात हवे होते, फक्त आपल्या बागेत कोणी नको होते. हे मी एकदा त्याला तोंडावर सांगितले. तो म्हणाला, "स्वर्ग मोठा हाय. बाग केवढीशी."

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरले ते एका शब्दामुळे. रोझरीच्या प्रत्येक रहस्यानंतर आम्ही एक छोटी प्रार्थना म्हणतो. येशूने आमच्या पापांची क्षमा करावी, आम्हाला नरकाच्या आगीतून वाचवावे आणि सर्व आत्म्यांना स्वर्गात न्यावे. लहानपणापासून म्हणतो, पण कोण लक्ष देते? चर्चमधली उपासना, मिस्सा, लॅटिनमध्ये होती तोवर म्हाताराही देत नव्हता. मिस्सा मराठीत आली आणि तो शब्द ऐकायला लागला. तिथून आमचे हाल सुरू झाले.

"रोज पाच वेळा आपण 'सर्व' म्हणतो," तो म्हणायचा. "आणि मनात म्हणतो, हा सोडून, तो सोडून. मग देवाला खोटं कशाला सांगता? सर्व म्हंजे सर्व. शब्दाला भोक नाय."

कळंबची एक मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारात यायची. ती आमच्या धर्मातली नव्हती. एकदा म्हातारा ओटीवर बसून मला हेच ऐकवत होता आणि ती पाटी उतरवून ऐकत बसली.

"बाबा, तुमच्या सरगात आमाला घेतील का?"

"घेतील."

"पानी पन न घालता?" तिला बाप्तिस्मा म्हणायचे होते.

"सर्व म्हंजे सर्व."

"तिथं मावरं खायला मिलंल?"

म्हातारा अडला. "मासे... पुस्तकात तसं काय लिवलेलं नाय."

"मंग मना नको तुमचा सरग. मी आपली कलंबलाच बरी," असे म्हणून तिने माझ्या ताटलीत बोंबील टाकले. म्हातारा दोन दिवस नाराज होता. स्वर्ग नको म्हणणारे माणूस त्याला पहिल्यांदाच भेटले होते. दुसरे त्याच्या घरातच होते, पण ते त्याला पुढे कळले.

जुदासाची गोष्ट चर्चमध्ये पोहोचली. आळीतले दोघे जाऊन सांगून आले की क्रुसाजवळ भलतेच चालले आहे. तेव्हा आमच्याकडे एक तरुण फादर नवीन आला होता. पांढरा झगा खोचून सायकलवर आला आणि ओटीवर म्हाताऱ्यासमोर बसला. चहा मी केला, म्हणून ऐकायला मिळाले.

"बाबा, नरक आहे ही आपल्या चर्चची शिकवण आहे," फादर म्हणाला.

"हाय ना. मी कुठं नाय म्हणतो? पण आत कोण हाय? एक नाव सांगा."

फादरने चहाचा कप खाली ठेवला.

"संतांची नावं तुम्ही जाहीर करता. इतकी, की वर्षाचे दिवस पुरत नाहीत. नरकातला एक तरी जाहीर केलाय?"

"नाही. कोणाचंच नाव नाही. जुदासाचंही नाही."

"मग?"

"मग इतकंच की आपल्याला माहीत नाही. सगळे वाचावेत अशी आशा धरा, मीही धरतो. पण सगळे वाचणारच, असं पोरांना शिकवू नका. येशूनं स्वतः आगीबद्दल सांगितलंय, ते काय उगाच? आणि देव कोणाला ओढून नेत नाही, बाबा. माणूसच नको म्हणाला तर?"

"किती दिवस म्हणेल? पोर रुसून माळ्यावर जाऊन बसते. भूक लागली की उतरते."

"आणि नाहीच उतरलं तर?"

"तर बापानं ताट घेऊन वर जावं."

फादर हसला. मला राहवले नाही. मी म्हटले, "फादर, सगळेच जाणार असतील, तर मग चांगलं वागायचं कशाला?"

म्हातारा माझ्यावर खेकसला. "तू हा चहा काय नरकाच्या भीतीनं केलास?"

"नाही. फादर आले म्हणून केला. तुम्हाला एकट्याला केला नसता."

शेवटी असे ठरले की क्रुसाजवळ फक्त आपापल्या घरच्या मेलेल्यांसाठी म्हणायचे, जुदासासाठी घरी काय म्हणायचे ते म्हणावे, आणि प्रार्थना दुसऱ्याने चालवावी. म्हाताऱ्याने मान्य केले. पण तो सगळ्यांच्या मागे उभा राहू लागला, आणि सगळे आटपले, लोकांच्या तोंडात चणे गेले, की मोठ्याने म्हणायचा, "आणि एक सर्वांसाठी." मग तो एकटाच दोन्ही अर्धे म्हणायचा. फादरने जुदास बंद केला होता, सर्व बंद केले नव्हते.

हे सगळे मी हसत सांगते आहे, कारण तोवर ते माझ्या अंगावर आले नव्हते. मग माझा नवरा मेला.

तो सातिवलीला एका कारखान्यात होता. तिकडे तेव्हा नव्याने कारखाने निघत होते. पगाराच्या दिवशी पिऊन यायचा, नंतर रोज पिऊन यायला लागला. मला मारायचा. ते मी इथे लांबण लावून सांगणार नाही, त्या काळात मार खाणारी मी एकटी नव्हते. पण एकदा आमची मुलगी मध्ये आली. सहा वर्षांची होती. त्याने हात उगारला होता माझ्यावर, बसला तिच्या डाव्या कानावर. कानातून रक्त आले. डॉक्टरने पडदा फाटल्याचे सांगितले. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या घेऊन आला. तिने घेतल्या नाहीत.

तीन वर्षांनी पोटात पाणी होऊन तो गेला. मी रडले नाही. लोकांसाठी पदर तोंडाला लावून बसले होते, एवढेच.

महिनाभराने क्रुसाजवळ रोझरी होती. माझ्या घरचे लोक, माझे आईबाप, सगळ्यांसाठी म्हणून झाले. त्याचे नाव मी मागितले नाही आणि ते सगळ्यांच्या लक्षात आले. लोक चणे खायला लागले. मागून आवाज आला, "आणि एक माझ्या पुतण्यासाठी."

मी हातातले भांडे तिथेच ठेवले, मुलीचा हात धरला आणि प्रार्थना चालू असताना घरी निघून आले. असे आमच्याकडे कोणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बागेत गेले. तो केळीची वाळलेली पाने कोयतीने उतरवत होता.

"काका, एक सांगायला आले. पुन्हा त्याचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही."

"बाय, तो मेला."

"मेला, बरं झालं. तुमचा हेरोद न्या, पिलात न्या, जुदासाला न्या. त्यांनी माझं काही केलं नाही. पण तो तिथं येणार असेल, तर मला तुमचा स्वर्ग नको. मी येणार नाही."

त्याने कोयती खाली ठेवली. मला वाटले, आता नेहमीचे ऐकवणार. पण तो वेगळेच बोलला.

"तसाच्या तसा थोडाच नेतील त्याला? आधी जाळून काढतील. दारू, राग, हात, सगळं जाईल. मग उरेल तो तुला ओळखू पण येणार नाय."

"मग तो तो नाहीच. दुसराच कोणीतरी. त्या दुसऱ्याशी माझं भांडण नाही, न्या त्याला खुशाल. पण माझ्या मुलीचा कान?"

"काय?"

"त्याला जाळून स्वच्छ करतील. कानाचं काय करतील?"

म्हातारा खाली बसला. मग म्हणाला, "ते मला माहीत नाय."

इतक्या वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मी निघाले, तर मागून म्हणाला, "थांब. त्याचा बाप मेल्यावर तो माझ्याकडे वाढला, तुला ठाऊक हाय. पण कसा वाढला, ते नाय ठाऊक. ही केळीच्या सोपाची, वाळल्या सालाची दोरी बघ. ही भिजवून मी त्याला मारायचो. पाच वर्षांचा होता. रडला म्हणून मारायचो, रडला नाय म्हणून मारायचो. त्याचा हात माझाच हात होता, बाय. तो नरकात असेल तर मी त्याच्या आधी पायजे."

मी त्याच्याकडे बघितले. त्याने काय अपेक्षा केली होती, देव जाणे. मी म्हटले, "मग दोघं एकाच बाजूला राहा. मला दुसऱ्या बाजूची जागा द्या." आणि घरी आले.

तेव्हा मला कळले की जुदास, हेरोद, डावा चोर हे सगळे कुठून आले होते. पुतण्या तेव्हा जिवंत होता, पण त्याचे नाव उघड घ्यायचे नव्हते, आणि स्वतःचे तर नव्हतेच. लोकांच्या गर्दीत त्याला आपली दोन माणसे आत ढकलायची होती. मला त्याची दया आली असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर त्याला हसणे मला जमले नाही.

माझ्यासमोर त्याने पुन्हा ते नाव घेतले नाही. मी भांडे घेऊन घराकडे वळेपर्यंत तो थांबायचा आणि मग म्हणायचा. शेजारणी मला येऊन सांगायच्या. मी म्हणे, "म्हणू दे."

पुढे नऊ-दहा वर्षांनी त्याने अंथरूण धरले. करायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी केले. प्रेमाने केले असे नाही, पण वेळेवर केले. पेज द्यायची, अंग पुसायचे, चादर बदलायची. माझी मुलगी तेव्हा टायपिंग शिकून एका ऑफिसात लागली होती. ती त्याच्या खोलीत कधी गेली नाही, मी कधी जा म्हटले नाही.

शेवटचे तेलाचे संस्कार द्यायला तोच फादर आला. आता तो दुसऱ्या चर्चमध्ये होता, पण निरोप मिळाल्यावर आला. सायकल जाऊन स्कूटर आली होती, केस पिकायला लागले होते. म्हाताऱ्याने त्याचा झगा मुठीत धरला.

"फादर, माझ्यासाठी चालेल ना ते?"

"काय, बाबा?"

"सर्व."

सगळ्या जगाला स्वर्गात घालून झाल्यावर तो स्वतःसाठी विचारत होता. फादर पुस्तक उघडून बसला होता. त्याने ते मिटले आणि म्हणाला, "शब्दाला भोक नाही म्हणून तुम्हीच सांगायचात ना?" म्हाताऱ्याने झगा सोडला.

फादर गेल्यावर तो मला म्हणाला, "नोव्हेंबरच्या यादीत माझं नाव घालशील ना? खाली त्याचं घाल. नाय घातलंस तरी चालेल." चार दिवसांनी सकाळी तो गेला.

नोव्हेंबर हा आमच्याकडे मेलेल्यांचा महिना. प्रत्येक घराने आपल्या मेलेल्यांची नावे कागदावर लिहून चर्चमध्ये द्यायची, ती मिस्सेत वाचली जातात. आमच्या घरचा कागद मी दरवर्षी माझ्या हाताने लिहायची. अक्षर वाईट, पण फादरना वाचता येई. नवरा मेल्यापासून त्याचे नाव मी एकदाही लिहिले नव्हते.

त्या वर्षी सासू-सासऱ्यांची नावे लिहिली, आईबापांची लिहिली, म्हाताऱ्याचे लिहिले. आणि पेन थांबले. दोरी मारणाऱ्याचे नाव लिहायचे आणि दोरी खाणाऱ्याचे नाही लिहायचे? मी माझ्या मनाशी हिशेब लावून पाहिला, तो लागेना. मी खाली नवऱ्याचे नाव लिहिले, कागद दुमडला आणि चर्चच्या दारातल्या पेटीत टाकून आले.

मिस्सेला मुलगी माझ्या डाव्या हाताला बसली होती. ती नेहमी बाकाच्या डाव्या टोकाला बसते, म्हणजे चांगला कान माणसांकडे राहतो. फादर नावे वाचू लागले. आमचे घर आले. म्हाताऱ्याचे नाव झाले आणि पाठोपाठ तिच्या बापाचे. ती माझ्याकडे वळली नाही. फक्त तिने समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

घरी आल्यावर डोक्यावरचा रुमालही न काढता तिने विचारले, "कोणी लिहिलं?"

"मी."

"मला न विचारता?"

"मी त्याला माफ केलेलं नाही. नुसतं नाव लिहिलंय."

"त्यात फरक काय, आई?"

फरक आहे असे मला आजही वाटते, पण तो काय, ते शब्दांत येत नाही. म्हातारा असता तर त्याला विचारले असते, आणि त्यानेही कदाचित माहीत नाय म्हटले असते.

"तुझ्या पाठीवर त्यानं जे केलं, ते तू सोड, तुझी मर्जी," ती म्हणाली. "माझा कान तुझा नाही."

मग तिने जेवण वाढले. दोघी जेवलो. पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली.

पुढच्या नोव्हेंबरात मी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवले. म्हटले, "आता तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." तिने माझ्याकडे बघितले, कशासाठी म्हणते ते तिला कळले. बसून लिहिले. आजी-आजोबांची, माझ्या आईबापांची. थोडी थांबली आणि म्हाताऱ्याचेही लिहिले. त्याच्या दोरीचे मी तिला कधी सांगितले नव्हते, अजूनही नाही.

कागद माझ्या हातात दिला. मी शेवटपर्यंत वाचला. खाली बरीच जागा उरली होती. पेन माझ्यासमोरच पडले होते, आणि ती माझ्याकडे पाठ करून चुलीपाशी उभी होती.

मी कागद होता तसा दुमडला आणि पेटीत टाकून आले. तेव्हापासून यादी तीच लिहिते.